उलट्या पदराचा पुडा

सकाळचे आठ वाजून वीस मिनिटं झाली होती आणि छबूबाईचा चौसष्टावा पुडा चिकटून बाजूला पडला होता. मापानं चहाची भुकटी, वर बोटभर प्लॅस्टिकची बाहुली, कागदाच्या दोन घड्या, मध्ये खळीचं बोट. हात आपोआप चालत होते. डोळे मात्र मुकादमावर होते. रंगनाथ मुकादम आज खुर्चीत बसला नव्हता. बायकांच्या पाठीमागून फिरत होता.

साल १९७३. नगरच्या या शेडमध्ये चौदा बायका चहा भरायच्या. पुड्यात बाहुली टाकायची कल्पना मालकाची. माळीण, कोळीण, पंजाबीण, परी आणि नवरी, असे पाच प्रकार. राहात्यापासून तिसगावपर्यंतच्या पोरी त्यांच्यापायी खुळ्या झाल्या होत्या. शाळेच्या मधल्या सुट्टीत दोन पऱ्या देऊन एक कोळीण मिळे. नवरीच्या बदल्यात मात्र कुणी काही घेत नसे. कारण नवरी शंभरात एक.

खोक्यात शंभर पुडे आणि एकच नवरी. ती भरलीय हे मुकादमाला पुडा न फोडता कळावं म्हणून खूण ठरली होती. बाकी पुड्यांची उजवी घडी वर, नवरीच्या पुड्याची डावी. बायका त्याला उलट्या पदराचा पुडा म्हणत. ही खूण शेडबाहेर जाता कामा नये, अशी सक्त ताकीद होती.

"सत्तारभाईंच्या दुकानातून तिसरी तक्रार आलीय," मुकादम म्हणाला. "तीन खोकी गेली, गिऱ्हाइकाला नवरी एकही नाही. दुसऱ्या कुठल्याच दुकानाची तक्रार नाही." तो छबूबाईच्या मागे थांबला. "तुम्ही त्याच गल्लीत राहता ना?"

"ऱ्हाते की. म्हून काय नवऱ्या खाती का मी?"

बायका हसल्या. मुकादम हसला नाही.

संध्याकाळी सुटताना झडती झाली. छबूबाईची सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात लांबलेली. पिशवी, डबा, कमरेची चंची. झडतीचं काम चौदांतल्याच बद्रुन्निसाकडे दिलं होतं. ती कानाशी येऊन पुटपुटली, "माफ कर हां छबू, अंबाडापण सोडायला सांगितलाय."

"बघ बाई. उवा सापडल्या तर त्याबी लिहून घे."

काही सापडलं नाही. म्हणून संशय गेला असंही नाही. काही न सापडणं हे मुकादमाला जास्त हुशारीचं लक्षण वाटत होतं. घरच्या वाटेनं छबूबाईनं मनातल्या मनात एकेकावर संशय धरून पाहिला. सत्तारभाई वाफेवर पुडे उघडत असेल. बद्रुन्निसाला झडतीचं काम कसं मिळालं? आणि खोकी बंद करतो तो मुकादमच की.

घरी नऊ वर्षांची बनू बिस्किटांचा डबा पुढ्यात घेऊन बसली होती. आईला पाहताच तिनं झाकण लावलं. नको तेवढ्या घाईनं.

छबूबाईनं डबा उपडा केला. माळीण, कोळीण, पंजाबीण, परी. आणि तीन नवऱ्या.

"कुटून आनल्या?"

"सत्तारचाचाच्या दुकानातून."

"चोरल्या?"

"न्हाई! शेजारच्या काकूंना पुडे आनून देती मी. चहा त्यांचा, बाहुली माझी. त्यांचंच बोलनं हाय तसं."

"आन् दर खेपेला नवरीच निघती व्हय गं तुला?"

बनूनं खाली पडलेला वर्तमानपत्राचा तुकडा उचलला, दुमडला आणि डावी घडी वर आणली. "तूच दाखवलं हुतंस. संक्रांतीला."

दाखवलं होतं खरं. दिवसाला सहा नवऱ्या आपल्या हातातून जातात, हे पोरीला सांगायची हौस तिला आवरली नव्हती. तिसगावच्या बाजारात डोळे मिटणारी बाहुली तिनं स्वतः लहानपणी लांबूनच पाहिली होती. हात लावू दिला नव्हता कुणी.

गप्प राहावं, तर चौथी तक्रार येणार आणि बोट तिच्याकडेच वळणार. सांगावं, तर ताकीद मोडल्याची कबुली. दोन्हीकडून काम जाण्याचीच भीती.

दुसऱ्या दिवशी साडेसातला पाच मिनिटं कमी असताना तिनं तिन्ही नवऱ्या मुकादमाच्या टेबलावर ओळीनं ठेवल्या.

"खूण बदला. नऊ वर्षांच्या पोरीनं वळखली."

"तिला सांगितली कुणी?"

"मी."

मुकादमानं एक नवरी उचलून उलटी केली, जणू तळाला नाव लिहिलेलं असावं. "घरात अजून किती?"

"खोकी तीन, तक्रारी तीन, नवऱ्या तीन. तुमीच जुळवा."

त्यानं जुळवलं. दुपारी सत्तारभाईंना दुकानात जाऊन विचारलंही. पोरगी पुडे निवडून नेते, पैसे देऊन नेते, ते म्हणाले. काम राहिलं. खूण मात्र रद्द झाली आणि छबूबाईचं बसायचं गोणपाट मुकादमाच्या खुर्चीसमोर आलं.

रात्री जेवताना बनू म्हणाली, "एक तरी ठिवायची हुतीस गं."

"जेव."

"आता वळखायची कशी?"

छबूबाईनं तिच्याकडे नीट पाहिलं. पोरगी चिडून विचारत होती की अंदाज घेत होती, ते तिला कळेना. नवी पद्धत काय, हे तिनं सांगितलं नाही.

उद्या शेड साडेसातलाच उघडेल. नवरी मुकादम स्वतःच्या हातानं टाकेल, सगळ्या पुड्यांची उजवी घडी वर राहील, आणि सुटताना पहिली झडती छबूबाईची होईल.