अंड्यात न मावणारा नवरा

थंडी ओसरली होती आणि सकाळपासून कोरडा वारा सुटला होता, म्हणजे कागदाचा लगदा वाळायला झकास हवा. नाटकमंडळीची काकू मागच्या अंगणात बसून रद्दीच्या पट्ट्या फाडत होती. समोर कामट्यांचं अंडं उभं होतं, उलट्या रांजणासारखं.

दर वसंतात मंडळी तोच खेळ लावायची: जग अंड्यातून कसं निघालं. देशोदेशीच्या गोष्टी एकत्र कालवलेल्या. कुठे म्हणे पाखरानं पाण्यावर अंडं घातलं, कुठे म्हणे आत राक्षस झोपलेला. त्यानं आळस दिला आणि वरच्या कवचाचं आभाळ झालं, खालच्याची जमीन. गोष्टी सतरा, पण अंड्यातून निघायचा इसम एकच, काकूचा नवरा. पंचविशीत निघायचा तेव्हा बाया मान उंचावून बघायच्या. आता साठी उलटली तरी गडी दर वसंतात पिवळी चड्डी घालून, पोट पुढे करून नव्यानं जन्माला येतच होता. मागच्या खेपेला पहिल्या रांगेतल्या एका पोरीनं मोठ्यांदा विचारलं होतं, "आई, आजोबा अंड्यात का बसलेत?" तेव्हापासून पाठीमागे सगळे त्याला अंडोबा म्हणत.

अंडोबा फुगला की काकू अंडं फुगवायची. गेल्या वर्षी ते रंगमंचावर न्यायला दाराची चौकट काढावी लागली. चौकट निघाली, पण 'आता बास' एवढं काही काकूच्या तोंडून निघालं नाही. सैल नाडीला आणि लाडावलेल्या नवऱ्याला धरबंध कुठला असायला?

पट्ट्या फाडून होताहेत तोच पुतणी आली. धाकट्या दिराची ही लेक. अंगात नाच, गळा खणखणीत, आणि काम काय, तर पडद्याआड काकांसाठी पाण्याची बाटली घेऊन उभं राहायचं.

"काकू, यंदाही काकाच?"

"त्यांनाच विचार की."

"मला नाही होत धीर. सोमवारपासून दवाखान्यात कामाला जावं म्हणते, नंबर पुकारायला."

"जा. तिथे गळा वाया जायचा नाही," काकू फणकारली. "एकाला लाज नाही नि दुसरीला तोंड नाही."

पोरगी पाठमोरी झाल्यावर मात्र काकूनं सुतळी सोडली आणि सगळ्या कामट्या पोरीच्या मापाला आवळून टाकल्या.

अंडं वाळलं, रंगलं. तालमीला अंडोबा आला आणि भोवती फिरून म्हणाला, "जरा ढिलं कर गं."

"अहो, अंडं ढिलं होत नसतं. कोंबडीला विचारा."

"असू दे. मी आकसून बसेन. नटाचं शरीर आहे."

ते शरीर चौघांनी दाबून आत बसवलं. गुडघे हनुवटीला, हात पोटाखाली. वरचं झाकण लागलं, वाद्यं वाजली, जगाचा जन्म व्हायची घटका आली. अंडं डावीकडे कललं, उजवीकडे कललं आणि गप्प झालं.

"अगं," आतून आवाज आला, "आभाळ उचल."

पुतणी धावली. काकूनं दंडाला धरून तिला मागे ओढलं.

"आधी सांगा, यंदा अंड्यातून निघणार कोण?"

"मीच की. आतच तर बसलोय."

"बसलाय ते दिसतंय. निघणार कोण? तुम्ही, की ही पुतणी?"

हसलं कुणीच नाही, पण अख्ख्या मंडळीला खोकला आला.

"माझ्यासारखा जन्म तिला जमेल का?" आतून आलं.

"काका," पुतणी म्हणाली, आणि आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला, "तुमच्याहून बरा जमेल. मी अडकणार नाही."

अंडं विचारात पडलं.

"मग मी काय करायचं?"

"पडदा ओढा," काकू म्हणाली. "बसून ओढता येतो."

"पडदेवाल्याला शेवटी नमस्काराला बोलावतात का?"

"बोलावू. अंगभर कपडे घालून यायचं."

"बरं," अंडं पुटपुटलं.

काकूनं झाकण उचललं. लालबुंद, घामानं थबथबलेला, डोळे मिचकावणारा तो म्हातारा इतक्या वर्षांत पहिल्यांदा खरोखरीचा नवजात दिसला. पुतणीनं त्याला कमरेला धरून बाहेर काढलं आणि कुणाला न विचारता स्वतः आत जाऊन बसली. अंडोबा दोरी कुठाय म्हणून शोधू लागला. काकूनं दोघांकडे एकदा पाहिलं, आणि नळाला पाणी आलं असेल म्हणून बादल्या उचलून चालू लागली.