न जाळलेला पट्टा

विमा विकणाऱ्या एका माणसाने मला फसवलं, आणि माझ्या हातून माझ्या थोरल्या जावेला. हे आधीच सांगते, कारण आमच्या पाड्यावर ही गोष्ट सांगतात तेव्हा तिच्यात तो माणूस कुठेच नसतो. फक्त मी असते.

रानशेतला आमची दोन घरं शेजारी शेजारी आहेत. माझं घर मी चारोटी नाक्यावर चिकू विकून बांधलं. गाडी थांबून काच खाली व्हायच्या आत माझा भाव सांगून झालेला असायचा. घरांच्या मागे गवताचा माळ आणि त्यापलीकडे जंगल. दिवाळीनंतर व्यापारी गवत कापून नेतो, पण खुंट आणि कडेचं गवत राहतं. उन्हं तापली की त्याला एक विडी पुरते.

म्हणून होळीच्या आधी आमच्याकडे पट्टा जाळतात. सकाळी, दव असताना, वारा सुटायच्या आत. प्रत्येक घराने आपल्या मागचा तुकडा जाळायचा, आग सरकायला लागली की जांभळीच्या ओल्या डहाळ्यांनी झोडपायची. तुकड्याला तुकडा जोडून पाड्यामागे काळी पट्टी होते. वणवा तिथवर येतो आणि खायला काही मिळत नाही म्हणून विझतो.

२०१८ साली तो एजंट घर बघायला आला. मी घासाघीस करायला बसले होते.

"वणव्याचं येतं ना यात?"

"बेन, आग म्हणजे आग. सगळं येतं."

"मागची पडवी?"

"ती पण."

"पडवीतले चिकूचे क्रेट?"

"लिहून टाकू."

पहिल्याच बोलीला उतरणाऱ्या माणसाकडून मी नाक्यावर साधा तराजूही घेतला नसता. त्या दिवशी मात्र मला वाटलं, मी जिंकले.

मग तो घरामागे गेला. तिथे डहाळ्यांचा ढीग बघून म्हणाला, "हे काय?"

"उद्या पट्टा जाळायचाय."

"स्वतःच्या हाताने आग लावणार? मग क्लेम विसरा, बेन. साहेब पहिलं हेच विचारणार, काडी कोणी लावली?"

मी पट्टा जाळला नाही. बाकी सगळं केलं. कौलांवरचा पाचोळा काढला, भिंतीला टेकलेली लाकडं लांब नेली, दारात पाण्याचे ड्रम भरून ठेवले. जावेला आम्ही बाई म्हणतो. ती आपला तुकडा जाळून काळ्या हातांनी कुंपणाशी आली.

"तुझा राहिला गो."

"राहू दे. माझा विमा आहे."

"विम्याला काय पाय आहेत? आग लागली की धावत येणार?"

"तुमच्यासाठी मी क्लेम घालवू का, बाई?"

"बरं, तू घरात बस. काडी मी लावते."

"माझ्या जागेत पाऊल टाकू नका," मी ओरडले. सगळ्यांनी ऐकलं.

चैत्रात एका दुपारी मी नाक्यावर असताना वणवा आला. पाड्यामागे सगळीकडे अडला आणि माझ्या तुकड्यातून आत शिरला. पडवी गेली, स्वयंपाकघराचं छप्पर गेलं. तिथून ठिणग्या बाईच्या गोठ्यावर पडल्या. तिची गाभण गाय दाव्याला बांधलेली होती. बाई रानात लाकडं आणायला गेलेली. दावं सोडायला कोणी पोहोचलं नाही.

नुकसान बघायला कंपनीचा साहेब आला, बरोबर एजंट. बाई तिच्या ओट्यावर उभी होती.

"इथे सगळे पट्टा जाळतात," साहेब म्हणाला, "तुम्हीच का नाही जाळला?"

मी एजंटकडे बोट केलं. "यांनी सांगितलं, जाळू नका."

तो मोबाइलमध्ये बघत होता. "मी असं कशाला सांगेन, बेन? तुमची काहीतरी गफलत झाली."

माझा हात त्याच्या कॉलरपर्यंत गेला होता. साहेबाने मध्ये पडून सोडवलं. घराची वाजवी काळजी घेतली नाही, असं म्हणून क्लेम फेटाळला गेला.

बाईने सगळं ऐकलं होतं. ते गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "तो तर नाही म्हणतो." त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. पुढच्या होळीआधी माझा तुकडा मी सगळ्यांच्या आधी जाळला. दर वर्षी शेजारच्या घरातलं कोणीतरी डहाळी घेऊन हद्दीवर उभं राहतं. त्या सकाळी माझ्या बाजूला कोणी आलं नाही. आग एकटीने झोडपली.

छप्पर मी माझ्या कमाईने घातलं. त्याचे पैसे मागायला मी कोणाच्या दारात जाणार नाही. पण तो एजंट अजून चारोटीला बसतो, लोकांना घराचे विमे विकतो, मला बघितलं की चहा अर्धा टाकून उठतो. त्याने आमच्या अंगणात यावं. बाईसमोर, दिवसाढवळ्या, पाड्यातली माणसं असताना उभं राहून सांगावं की पट्टा जाळू नका हे शब्द त्याचे होते. ज्या कंपनीने त्याला पाठवलं तिच्या साहेबानेही सोबत यावं. मी जे ओरडले त्याचा जाब मी बाईला देईन. तिच्या गाईचा जाब तुम्ही दोघांनी द्यायचा आहे. कधी येताय?