शुभ सकाळ काढून टाकताना

आमच्या बागकामाच्या ग्रुपवर रोज सकाळी एक करडी ओळ दिसते, ‘हा मेसेज ॲडमिनने डिलीट केला.’ ती ॲडमिन म्हणजे मीच बरं का! आणि तो मेसेज म्हणजे मालतीबाईंचं ‘शुभ सकाळ’ लिहिलेलं गुलाबाचं चित्र. ग्रुपवर फक्त झाडांबद्दल लिहायचं, हा नियम माझाच. नाहीतर कुणाच्या कढीपत्त्यावर पडलेली कीड चाळीस शुभ सकाळींखाली गाडली जाते, आणि झाड हातचं जातं.

“गुलाब झाडालाच येतो की!” त्या एकदा भांडल्या होत्या.

“आणि त्यावरची दोन कबुतरं?” मी विचारलं.

परवा नऊ वाजले तरी गुलाब आला नाही. ग्रुप अगदी स्वच्छ दिसत होता, पण मला चहा गोड लागेना. कोणी काय लिहू नये हे मी डोळ्यांत तेल घालून बघते. कोण लिहायचं थांबलंय, हे कुठे बघते? बाई एकट्या राहतात. शेवटी फोन केला.

“ताप आलाय हो. म्हटलं, आज तुम्हाला सुट्टी.”

“मी रोज काढते, तरी टाकता कशाला?”

“तुम्ही काढलंत की कळतं, कोणीतरी बघितलं. मग मी दूध तापवायला उठते.”

नियम मोडावासा वाटला, पण कढीपत्त्याची कीडही खरीच आहे ना.

आज गुलाब आला. मी काढलाच. फक्त नेहमीसारखा अंघोळ, पूजा आटोपून नाही, दिसल्याबरोबर काढला. बाईंचं दूध खोळंबायला नको.