साडूची खोटी गिऱ्हाइकं

माझ्या साडूइतके फोन आजवर कोणी केले नसतील, आणि त्याच्याइतका फोनला भिणारा माणूसही अख्ख्या जालना जिल्ह्यात सापडायचा नाही. त्याचं कामच तसं आहे. एखाद्या कंपनीच्या फोनयंत्रणेवर ढीगभर गिऱ्हाइकं एकदम तुटून पडली तर ती टिकेल का, हे तपासायला तो खोटी गिऱ्हाइकं तयार करतो. म्हणजे कॉम्प्युटरवर स्क्रिप्ट लिहितो: फोन लावा, एक दाबा, दोन दाबा, थांबा, वैतागा, आपटा. मग फोन आपोआप लागत सुटतात आणि हा जालन्यातल्या आपल्या घरी बनियनवर बसून चहा पितो. त्याच्या गिऱ्हाइकांना स्वभावही असतात. शहागडचा एक ट्रकवाला आहे, तो काहीही पूर्ण ऐकून न घेता शून्य दाबतो. आष्टीची एक मामी आहे, ती सगळेच आकडे दाबून पाहते. "माणूस बराबर फोन करतच न्हाई भाऊ," तो मला म्हणाला, "मंग स्क्रिप्टनं का करावा?" मामीनं एकदा अख्खी यंत्रणा बंद पाडली, तेव्हा त्यानं पेढे वाटले.

खऱ्या फोनची मात्र त्याला धास्ती. गॅसचा नंबर लावायचा तरी आधी कागदावर 'हो म्हणाले तर', 'नाही म्हणाले तर' अशा फांद्या काढतो. एकदा राँग नंबर लागला. ती फांदी काढलेली नव्हती, म्हणून त्या अनोळखी बाईंच्या मुलाबाळांची चौकशी करून त्यानं फोन ठेवला.

टेंभुर्णीला त्याचे वडील एकटे असतात. आई होती तोवर फोन तीच करायची आणि शेवटी 'घ्या, पोराशी बोला' म्हणून त्यांच्या हातात द्यायची. दोघं एकमेकांना 'बरंय' म्हणायचे. ती गेली आणि तेवढंही थांबलं. वडील रागावले असतील, आता कोणत्या तोंडानं फोन करू, हे त्याला आतून खात होतं.

गेल्या महिन्यात त्यानं नवी स्क्रिप्ट लिहिली. यंत्रणेनं फोन लावायचा, याच्या आवाजात "हॅलो, आवाज येऊन राह्यला का?" विचारायचं, थोडं थांबून उत्तर रेकॉर्ड करायचं आणि "बरं, ठेवतो मंग" म्हणून तोडायचं, की पुन्हा पहिल्यापासून. चाचणीला एक नंबर हवा होता. याला तोंडपाठ एकच, आईचा. तो बंदच असणार म्हणून त्यानं तोच टाकला, स्क्रिप्ट चालू केली आणि न्हाव्याकडे कटिंगला गेला.

परत येऊन त्यानं रेकॉर्डिंग लावलं तेव्हा मी तिथंच होतो. पहिल्या फोनला वडिलांचा आवाज आला, "येऊन राह्यला. माझा येऊन राह्यला का?" दुसऱ्याला, "मोसंबीला पाणी दिलं." तिसऱ्याला, "गुडघा आता बरा हाय, तू काई..." एवढ्यात स्क्रिप्टनं फोन तोडला. पुढच्याला त्यांनी तिथूनच धरलं, "...काळजी करू नको. तुझ्या आईचा फोन मी रोज चार्ज करून ठेवतो. तुला हाच नंबर पाठ हाय ना."

साडूनं स्क्रिप्ट बंद केली आणि कागदबिगद न घेता फोन लावला. तो नुसतंच 'हॅलो, हॅलो' करत राहिला. स्पीकरवर वडील म्हणाले, "काय झालं? मघाशी तर बराबर बोलत होतास."

मला हसू आलं आणि भरूनही आलं. मी उठून गॅलरीत गेलो. आत बराच वेळ दोघंही काही बोलले नाहीत, पण फोन कोणीच ठेवला नाही.