डोंगराची आगोट

मंदीमुळे गावातले निम्मे ट्रक उभेच होते, तरी बंदरात एक परदेशी जहाज आलं. आलं तेव्हा त्याचं तांबडं पोट पाण्यावर उंच दिसत होतं. आमच्या डोंगरातलं लोहखनिज भरत गेलं, तसतसं ते पोट पाण्याखाली गेलं.

“त्यांचेही कारखाने बंदच आहेत ना? मग एवढं नेऊन करणार काय?” धक्क्यावर सुके बांगडे निवडणाऱ्या सुमनकाकीला मी विचारलं.

“ठेवतले,” मान वर न करता ती म्हणाली. “भाव पडलो की भरून ठेवचा. आपली आगोट म्हणजे दुसरा काय?”

पावसाच्या चार महिन्यांसाठी सुकी मासळी, मीठ, मिरची भरून ठेवायची, ती आमची आगोट. माझ्या घरात ती एका फळीवर मावते. आणि इथे एक अख्खा देश, अजून जन्माला न आलेल्या माणसांच्या पावसाळ्यासाठी, दुसऱ्याचा डोंगर उचलून आपल्या फळीवर ठेवत होता! राग यायला हवा होता. मी नुसती बघत राहिले.

हल्ली आमच्या अंगणात सकाळचं ऊन लवकर येतं. पूर्वेला त्याला अडवणारं फारसं काही उरलेलं नाही.