न दाखवलेलं शेवटचं रीळ

“अर्ज करायचा न्हाई, वकीलबाई. होऊ द्या फाशी,” असं म्हणून बाबुरावांनी टेबलावरचा कागद माझ्याकडे परत सरकवला.

ज्याला फाशी होणार होती तो लक्ष्मण म्हणजे बाबुरावांचा सख्खा धाकटा भाऊ. पाठच्या भावाला फासावर चढवा म्हणून सांगायला आलेला माणूस मी वकिलीत त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. दारापाशी लक्ष्मणची बायको सुभद्रा उभी होती. पदर पार नाकापर्यंत ओढलेला. थोरल्या दिरासमोर धाकट्याच्या बायकोनं तोंड उघडायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत. त्यामुळे ती नुसतीच उभी होती.

आधी एक गोष्ट सांगून टाकते. लक्ष्मण निर्दोष नव्हता. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाली करणारा, अंगानं दांडगा माणूस. विहिरीच्या पाण्यावरून भांडण झालं आणि त्यानं कुऱ्हाडीनं दोन माणसं मारली. ती दोघंही कुणाची तरी होती. मी त्याचं वकीलपत्र घेतलं म्हणून माझ्याच वकील बिरादरीतले लोक मला वाटेल ते बोलले. मी त्याच्यावर चिडलेलीच होते. पण चिडणं वेगळं आणि माणसाला दोरावर लटकवणं वेगळं, एवढं मला कळत होतं.

सेशन कोर्टानं फाशी दिली. हायकोर्टानं ती कायम केली. सुप्रीम कोर्टात अपील फेटाळलं गेलं. आता उरला होता दयेचा अर्ज. तो आधी राज्यपालांकडे जातो, तिथं नाही झालं तर राष्ट्रपतींकडे. त्यांनी मनावर घेतलं तर फाशीची जन्मठेप होते. या अर्जाला जेलकडून मुदत मिळते आणि ती थोडी असते. नातेवाइकांनी केलेला अर्जही चालतो, पण कैदी स्वतःच ‘मला दया नको’ म्हणत असेल तर त्या अर्जाला कितीसं वजन राहणार? आणि लक्ष्मण नको म्हणत होता, कारण जेलात मुलाखतीला गेलेल्या दादानं, म्हणजे बाबुरावांनी, त्याला तसं बजावलं होतं.

“कावून नको? कारण तरी सांगा,” मी म्हटलं. चिडले की माझ्याही तोंडात गावाकडची बोली येते.

“अर्ज केला तर जन्मठेप व्हती. म्हातारा हून भाईर यील. फाशी झाली तर महिन्याभरात घरी.”

“फाशी झाल्यावर घरी कसा येईल?”

“तुमी पिक्चर बघितलं न्हाई वाटतं,” बाबुराव म्हणाले आणि खुर्चीत जरा पुढं सरकले.

पिक्चरचं नाव मी इथं लिहिणार नाही. त्याची फुकटात जाहिरात करायची मला हौस नाही. आमच्याजवळच्या एका तालुक्याच्या गावात पत्र्याचं टॉकीज होतं, तिथं ते लागलं होतं. बाबुरावांनी ते तीनदा पाहिलं होतं. त्यातल्या खुन्याला फाशी होते. दोर ओढतात, तो लटकतो, डॉक्टर मेला म्हणून लिहून देतो. पुढं मुडदाघरात त्याचं बोट हलतं. मग कोर्टात त्याचा वकील गरजतो की, एका गुन्ह्याला दोनदा फाशी देता येत नाही; शिक्षा फाशीची होती, ती देऊन झाली. न्यायाधीश चष्मा काढतात. जेलचा दरवाजा उघडतो आणि खुनी बाहेर येतो.

“त्याची मान मजबूत व्हती म्हून वाचला,” बाबुराव समजावून सांगायला लागले. “आपल्या लक्ष्याची मान बघितली का तुमी? इतकी वर्सं मानंवर पोती वाहिली त्यानं. मी सांगून आलोय त्याला, रोज मान कमव म्हून.”

“तो आत मानेचा व्यायाम करतोय?”

“सकाळ-संध्याकाळ.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी टेबलावर हात आपटला. कायद्याचं पुस्तक काढलं आणि वाचून दाखवलं. “‘मरेपर्यंत गळफास देऊन’ असं असतं शिक्षेत. मरेपर्यंत. दोर तुटला तर दुसरा आणतात. बेशुद्ध पडला तर पुन्हा लटकवतात.”

“मग पिक्चरमधल्या जज्जाला कळत न्हाई का?” ते शांतपणे म्हणाले. “एवढा मोठा पिक्चर. ममईच्या लोकांनी इचारूनच काढला आसंल ना.”

मी चिडते तेव्हा लोक गप्प होतात. हा माणूस माझी कीव करत होता. शेवटी मी म्हटलं, “चला, दाखवा मला तुमचं ते पिक्चर.”

दुसऱ्या दिवशी दुपारच्या खेळाला आम्ही तिघं गेलो. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला, मधे कंबरेएवढी भिंत. वर पत्रा तापलेला. सुभद्रा माझ्याशेजारी बसली होती. पडद्यावर फळी खाली पडली आणि तो माणूस दोराला हिसका बसून लटकला, तेव्हा तिनं माझं मनगट धरलं आणि तो कोर्टात उभा राहीपर्यंत सोडलं नाही. पलीकडून शिट्ट्यांचा पाऊस. जेलचा दरवाजा उघडला, तो उन्हात बाहेर आला, पाठीमागं जोराचं संगीत सुरू झालं आणि खटकन दिवे लागले. लोक खूश होऊन उठले.

मी उठले नाही. लहानपणापासून पिक्चर पाहत आले आहे. ‘समाप्त’ची पाटी आली नव्हती. संगीत तर सूर लागता लागताच तोडलं होतं. सुभद्राला तिथंच थांबायला सांगून मी जिन्यानं वर मशीनच्या खोलीत गेले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तेव्हा पिक्चर पत्र्याच्या चपट्या गोल डब्यांतून यायचं. एका डब्यात एक रीळ, म्हणजे पिक्चरचा एक तुकडा. ऑपरेटर एक संपलं की दुसरं जोडायचा. तिथले ऑपरेटर रशीदभाई घाम पुसत बसले होते. बाकीचे डबे उघडे होते. एक बंद डबा कोपऱ्यात होता, त्याच्यावर त्यांचा चहाचा कप.

“हा कशाचा डबा?”

“आखरीचं रीळ हाय, बाई.”

“मग लावलं का नाही?”

“मालकाचा हुकूम हाय,” ते म्हणाले आणि कप उचलून घेतला.

तेवढ्यात टॉकीजचे मालक अप्पा स्वतःच वर आले. बाई मशीनच्या खोलीत शिरली, ही बातमी खाली पोचली होती.

“शेवटचं रीळ का कापलं?” मी विचारलं.

“कापलं न्हाई. लावत न्हाई फकस्त,” अप्पा म्हणाले. “पयल्या दिवशी लावलं व्हतं. त्यात त्याला पुन्ना धरून नेतात आन् पुन्ना फाशी देतात. पब्लिकनं खुर्च्या मोडल्या माझ्या. आता सुटल्यावर दिवे लावतो, तर चौथा आठवडा चाललाय. गावात डिश आली, घरोघर केबल चालली. टॉकीज चालवायचं का न्हाई मी?”

“तुमच्या या दिवे लावण्यापायी एक खरा माणूस खरोखरच फासावर जायला निघालाय.”

“मग त्यानं खून कावून केला?”

उत्तर चोख होतं, म्हणून जास्तच राग आला. मी म्हटलं, “सेन्सॉरनं पास केलेलं पिक्चर तुम्ही अर्धवट दाखवताय. टॉकीजच्या परवान्याचं टेबल कलेक्टर कचेरीत कुठं आहे, ते मला चांगलं ठाऊक आहे. पुढचा खेळ सुरू व्हायच्या आत हे रीळ लावा. तीनच माणसं बघतील.”

अप्पांनी रशीदभाईंकडे पाहिलं. रशीदभाईंनी डबा उघडला.

रिकाम्या टॉकीजात आम्ही तिघं बसलो. भिंत वगैरे विसरून एकाच रांगेत. पडद्यावर वरच्या कोर्टात नवा न्यायाधीश शिक्षेचा हुकूम वाचतो आणि एका शब्दावर थांबतो. ‘मरेपर्यंत.’ तो शब्द तो दोनदा वाचतो. पुन्हा तीच खोली, तोच दोर. या वेळी डॉक्टर बराच वेळ नाडी धरून उभा राहतो. ‘समाप्त.’

एवढं खणखणीत काम कुठल्याही वकिलाला जमलं नसतं. मी विजयी मुद्रेनं बाबुरावांकडे वळले. ते माझ्याकडेच बघत होते.

“हा तुकडा तुमी जोडून आणला, वकीलबाई,” ते म्हणाले.

“मी?”

“तीनदा बघितलं मी. तवा कुटं व्हता ह्यो? तुमी आल्या आन् निघाला.” मग त्यांनी मागं उभ्या असलेल्या अप्पांना विचारलं, “अप्पा, खरं सांगा. ह्ये कुणी लावायला लावलं?”

“बाईंनी,” अप्पा म्हणाले. “बाईंच्या सांगण्यावरूनच लावलं.”

यात एक अक्षर खोटं नव्हतं. त्या क्षणी मला अप्पांचा गळा धरावासा वाटला, हे लिहायला मला लाज वाटत नाही. आपण काय करून ठेवलं हे त्या माणसाला नीट कळलेलं होतं. रीळ पहिल्यापासूनच होतं, एवढं एक वाक्य जास्त बोलला असता तर काम झालं असतं. ते वाक्य बोललं की आपण आजवर लोकांना फसवलं हे कबूल करावं लागतं, म्हणून तो बोलला नाही. मी ओरडले, भांडले, पेपरात छापून आणीन म्हणाले. अप्पा रशीदभाईंना पुढच्या खेळाची रिळं लावायला ओरडून सांगून बाहेर निघून गेले. बाबुराव टोपी झटकून उठले. आता या माणसापुढं मी हात टेकले होते.

“भावजी, बसा.”

आवाज कुणाचा ते मला पटकन कळलंच नाही. बाबुरावांनाही कळलं नसावं, कारण त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. सुभद्रानं पदर मागं सारला होता.

“तुकडा खरा का खोटा ते ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “सुटला का मेला त्येबी ऱ्हाऊ द्या. आधी लटकला का न्हाई? दोन्हीकडंबी लटकला ना?”

बाबुराव टोपी हातात घेऊन तिच्याकडे वळले.

“त्याला लटकाया धाडायचं न्हाई मला. म्हातारा हून यील म्हंता ना? म्हातारा चालंल मला.”

एवढं बोलून तिनं पदर पुन्हा ओढला. बाबुराव उभेच होते. त्यांना राग आला होता की लाज वाटली होती, मला सांगता येणार नाही. ते बाहेर पडले आणि आमची वाट न पाहता एसटी स्टँडकडे चालू लागले.

त्यानंतर मी वेळ घालवला नाही. सुभद्राला घेऊन एसटीनं त्या लांबच्या जेलला गेले. जाळीपलीकडे लक्ष्मण आला. मान खरंच कमावली होती त्यानं. ते बघून माझा संताप पुन्हा वर आला, पण तो या वेळी त्याच्यावर नव्हता.

“दादा काय म्हणला?” त्यानं पहिलं हेच विचारलं.

“दादा न्हाई आले. मी सांगतीय. सही कर,” सुभद्रा म्हणाली.

तो घुटमळला. मला म्हणाला, “बाई, दोर येकदाच लावतेत ना?”

“शिक्षा मरेपर्यंतची आहे, लक्ष्मण.”

“मंजी कितीदा?”

“मरेपर्यंत,” मी म्हटलं.

त्यानं मानेवरून हात फिरवला आणि शिपायाकडे पेन मागितलं.

दयेच्या अर्जांची तऱ्हा अशी, की ते गेले कुठं हे विचारायचीही सोय नसते. वर्षांवर वर्षं गेली. राज्यपालांकडून नकार आला, मग दिल्लीकडे डोळे लावून बसलो. अखेर फाशीची जन्मठेप झाली. तोवर अप्पांच्या टॉकीजचं मंगल कार्यालय झालं होतं. ज्या घरातली दोन माणसं गेली, त्या घरातल्या बाईनं मला बाजारात गाठून विचारलं, “त्याला जगवून काय मिळालं तुमाला?”

आणखी बऱ्याच वर्षांनी लक्ष्मण जेलमधून रजेवर घरी आला तेव्हा सुभद्रा त्याला घेऊन माझ्याकडे आली. टोपलीभर सीताफळं आणली होती. त्याचे केस पांढरे झाले होते, मान बारीक झाली होती आणि तिचा पदर खांद्यावर होता. बाबुरावही आले होते. जाताना दारात थांबून ते माझ्या अशिलांना, ओळखपाळख नसताना, सांगत होते, “ह्यो माझा भाऊ. फाशीतून सुटला. पिक्चरमधी दावलं व्हतं, सेम तसंच.”

मी खुर्चीतून अर्धी उठले होते. सुभद्रानं हातानंच राहू द्या म्हणून खुणावलं, म्हणून बसले.

तेव्हापासून प्रकरण फाशीचं असो की बांधाचं, वकीलपत्रावर सही घ्यायच्या आधी मी अशिलाला दोन प्रश्न जास्त विचारू लागले. या बाबतीत एखादं पिक्चर पाहिलंय का, आणि पाहिलं असेल तर शेवटपर्यंत पाहिलंय का? पहिल्या प्रश्नाला बहुतेक जण हो म्हणतात.