सासऱ्यांचं विलायती रीळ

माझ्या सासऱ्यांच्या गळाचं रीळ कोणी आणि कधी बनवलं, हे मी आठवड्याभरात शोधून काढलं. रीळ मात्र तोवर रीळ राहिलं नव्हतं.

अण्णा, म्हणजे सासरे, कल्याणचे. ड्रॉइंगमास्तर होते, निवृत्त झाल्यापासून दर रविवारी खाडीवर गळ टाकून बसतात. त्यांचं ते पितळी रीळ मी ‘जरा बघतो’ म्हणून नौपाड्याला घरी आणलं. "रविवारी सकाळी न्यायला येईन हं," एवढंच ते म्हणाले. रिळावर पुसटसा मुकुट उठवलेला होता. मुकुट! म्हणजे विलायत, म्हणजे राजघराणं!

"अरे, अण्णांनाच विचार ना," माझी बायको नंदा म्हणाली. (योग्य सल्ला वेळेवर देते, हा तिचा जुना दोष.)

"त्यांना काय कळणार? ते मासे पकडतात. हा अभ्यासाचा विषय आहे!"

इंटरनेटवर एका जाणकाराने लिहिलेलं, कारागिराची खूण आत असते. मी शनिवारी जेवणाच्या टेबलावरच स्क्रू काढला. आतली स्प्रिंग टुणकन उडाली ती थेट आमटीत! ती काढायला डाव घातला, तर कोपर लागून बाकीचं रीळ टेबलाखाली.

"उद्या अण्णा येणारेत!" नंदा ओरडली.

"तू आधी आमटी गाळ!"

स्प्रिंग सापडली. हिंगाचा वास मारणारं ते रीळ जुळेना, ते जुळेनाच.

सकाळी अण्णा गळाची काठी घेऊनच हजर. टेबलावर रीळ, वर्तमानपत्रावर, तुकड्यातुकड्यांत. बाजू सावरायला मी भाषणच ठोकलं.

"अभिनंदन, अण्णा! शंभर वर्षं जुनं, अस्सल विलायती! काय हात असेल त्या माणसाचा! बिचारा केव्हाच वारला असेल."

अण्णांनी चष्मा चढवला. "वारला?"

"म्हणजे काय, नक्कीच!"

"जावईबापू, हा मुकुट आमच्या आईच्या स्टोव्हचा. टाकी गळायला लागली, तेव्हा तिचं पितळ कापून मीच बनवलं हे. नंदा दुसरीत होती."

चहा निवायच्या आत त्यांनी रीळ जोडलं, कर्रकर्र फिरवून पाहिलं आणि चपला घालता घालता म्हणाले, "माझ्या घरच्या दोन गोष्टी तुमच्या हवाली केल्या होत्या. त्यातली एक परत नेतो."

"थांबा अण्णा," आतून नंदा म्हणाली, "दुसरीपण येतेय!"

संध्याकाळी दोघं पिशवीभर मासे घेऊन परतली. ते साफ करायला अर्थातच मला बसवलं. धडधाकट वस्तू सुटी करण्यात जावयाचा हात कोणी धरणार नाही, असं अण्णांचं मत आहे!